पंच चुकला, मग?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं. आपल्याकडे पेढे वाटावेत असा आनंद झाला. त्याच ठरावात आणखी चार खेळ मंजूर झाले होते, त्यांच्याकडे फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यातला एक लॅक्रॉस. लांब काठीच्या टोकाला जाळीचा खिसा असतो. त्यात चेंडू झेलायचा, पळता पळता जोडीदाराकडे फेकायचा आणि गोल करायचा. १९०४ आणि १९०८ साली तो ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ होता. आता सहा-सहा खेळाडूंच्या आटोपशीर रूपात परत येतोय.

हा खेळ आज ना उद्या आमच्या सोलापुरात आला, तर त्याच्याबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न मला आत्ताच ठाऊक आहे. काठी कुठे मिळते, मैदान केवढं लागतं, यातलं काही नाही. ‘सर, याला गुण आहेत का?’ आणि पाठोपाठ जरा दबक्या आवाजात, ‘याला संघ किती असतात?’ संघ कमी म्हणजे राज्यापर्यंतची, राष्ट्रीयपर्यंतची वाट सोपी. दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार २५ पर्यंत सवलतीचे गुण आहेत, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. असे ‘मोकळे’ खेळ शोधून काढण्यात आपल्या पालकांचा हात धरणारं कुणी नाही. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांवर लोक सरकारी नोकरीत लागल्याचं उघड झालं, तेव्हा निम्म्या महाराष्ट्राला हे खेळ आहेत तरी काय इथपासून विचारावं लागलं होतं.

पालकांच्या त्या प्रश्नाचा मला राग येत नाही. हिशेब करणं गुन्हा नाही. राग येतो तो बक्षीस समारंभाचा. तिथे तेच सर, तेच संस्थाचालक, तेच नगरसेवक माईक हातात घेऊन सांगतात, की खेळामुळे चारित्र्य घडतं, खेळ हार पचवायला शिकवतो, खिलाडूवृत्ती अंगी बाणते. समोर उन्हात बसलेली मुलं टाळ्या वाजवतात. त्या मुलांना त्याच दिवशी सकाळी काय काय पाहायला मिळालंय, हे माईकवाल्यांना माहीत असतं आणि मुलांनाही माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की खेळ स्वतःहून काही घडवत नाही. मैदानाच्या चुन्याच्या रेषेबाहेर उभी असलेली मोठी माणसं ज्याला शाबासकी देतात आणि ज्याकडे काणाडोळा करतात, ते मूल शिकतं. अमेरिकेत ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टटको या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं खेळाडूंचा अभ्यास करून १९७१ साली लिहिलं, की खेळानं चारित्र्य घडतं याचा पुरावा आपल्याला सापडला नाही. यावर पुढे बरीच भवति न भवति झाली, अजून होते. पण आपल्याकडे तो प्रश्नच कुणी विचारत नाही. मैदानावर मूल सोडलं की संस्कार आपोआप होतात, असं आपण धरून चालतो.

लॅक्रॉसचीच गोष्ट बघा. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यातल्या हॉडेनोशॉनी या सहा राष्ट्रांच्या संघात त्याला निर्मात्यानं दिलेला खेळ मानतात, औषधी खेळ मानतात. गावात कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी सामना ठेवतात. सामन्याचा हेतूच कुणाला तरी बरं वाटावं हा. १८६७ च्या सुमारास माँट्रियलमधल्या विल्यम जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्यानं या खेळाचे नियम लिहून काढले, क्लब उभे राहिले आणि तो सभ्य गृहस्थांचा खेळ झाला. मग १८८० मध्ये कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेनं मूळ रहिवाशांना अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते पैसे घेऊन खेळतात, म्हणजे व्यावसायिक, म्हणजे खऱ्या हौशी खेळाडूच्या वृत्तीचे नव्हेत. ज्यांचा खेळ त्यांनाच त्या खेळाच्या वृत्तीचं नाव सांगून दाराबाहेर केलं.

म्हणून ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द कुणाच्या तोंडून येतोय तेही बघावं लागतं. पुण्यात दलित समाजातले क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांच्या फिरकीवर हिंदूंचा संघ सामने जिंकायचा आणि चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर चहा दिला जायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेला हा माणूस हिंदू संघाचा कर्णधार कधीच झाला नाही. सभ्य गृहस्थांचा खेळ तोही होता.

लॅक्रॉसच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. हॉडेनोशॉनींचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या नावानं उतरतो. २०१० साली ब्रिटननं त्यांचे पासपोर्ट मान्य केले नाहीत, म्हणून त्यांना मँचेस्टरच्या विश्वस्पर्धेला मुकावं लागलं होतं. पुढे २०२२ च्या वर्ल्ड गेम्ससाठी संघ ठरले तेव्हा त्यांना आधी वगळलं गेलं. त्यावर ओरड झाली, नियम बदलला, पण तोवर आठही जागा भरल्या होत्या. तेव्हा आयर्लंडच्या संघानं आपली जागा सोडली. ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्यांच्याशिवाय स्पर्धा होणं बरोबर नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पात्रता मिळवली होती, तयारी सुरू होती, आणि तरी जागा सोडली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आयरिश खेळाडूंनी नुसतं पत्रक काढून पाठिंबा दिला नाही. त्यांनी किंमत मोजली, आणि ती मोजायचा निर्णय त्यांच्या संघटनेनं, म्हणजे मोठ्या माणसांनी घेतला. एखादा आयरिश मुलगा यातून काय शिकला असेल ते त्याला कुणी भाषण करून सांगावं लागलं नसणार.

आता आपल्याकडे या.

जानेवारी २०२३ ची महाराष्ट्र केसरी पुण्यात कोथरूडला झाली. माती विभागात समोरासमोर आले ते दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रनं मारलेल्या बाहेरची टांग या डावाला पंचांनी चार गुण दिले आणि त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. टांग पूर्ण बसली होती की नव्हती, यावर कुस्ती कधी न पाहिलेले लोकही तावातावानं बोलत होते. वादाला जातधर्माचा रंगही चढवला गेला. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हा वाटलं विषय संपला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेनं निर्णय न पटल्यानं पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्ती अर्धवट टाकून महेंद्र गायकवाड आखाड्यातून निघून गेला. राज्य कुस्तीगीर संघानं दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली.

पंच चुकले होते का? तालमीत बसलात तर आजही दोन तट दिसतील. मी म्हणतो, चुकले होते असं धरून चालू. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. पंच बरोबर असताना त्याचं ऐकायला कसली खिलाडूवृत्ती लागते? ते तर नियमात आहे. चारित्र्याची परीक्षा पंच चुकतो तेव्हाच होते, आणि त्या परीक्षेची तयारी आपण कुठल्याही मुलाकडून कधीही करून घेत नाही. ‘पंचाचा निर्णय अंतिम’ हे एक वाक्य आपण मुलांना देतो आणि दुसरीकडे स्वतः त्या पंचाच्या अंगावर धावून जातो.

हे मी मोठ्या पैलवानांबद्दल बोलतोय असं वाटेल. पण हे पैलवान कुठल्या तरी तालुक्याच्या आखाड्यात दहा-बारा वर्षांचे असताना उभे होते, आणि तिथे त्यांनी मोठ्यांना काय करताना पाहिलं असेल याची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा लागतात. शहरातलं कुठलंही मैदान घ्या, नाहीतर माळशिरस-पंढरपूरकडच्या एखाद्या गावातली खो-खोची स्पर्धा घ्या. खो-खो या जिल्ह्याच्या रक्तातला खेळ आहे, त्यामुळे बघ्यांची गर्दी असते आणि प्रत्येक बघ्याला नियम येतात, निदान तसं त्याला वाटतं. चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना चालू आहे. पळणारी मुलगी खांबाजवळ हुलकावणी देते, मागून सूर मारून आलेल्या मुलीची बोटं तिच्या पाठीला लागली न लागली. पंचाची शिट्टी वाजते. त्याक्षणी बाहेरून एकाच वेळी पन्नास आवाज: ‘लागलाच नाही बे हात!’ दुसऱ्या बाजूनं, ‘लागलाय की ओ, सरळ दिसतंय!’ दोन्हीकडचे शिक्षक चुन्याची रेषा ओलांडून आत. कुणीतरी मोबाईल काढून आधीच शूटिंग सुरू केलेलं.

हात लागला की नाही हे पन्नासातल्या कुणालाच ठाऊक नाही. पंचालाही खात्रीनं नसेल, तो बाजूला होता. ते पूर्ण खात्रीनं माहीत असलेली दोनच माणसं त्या मैदानावर आहेत, आणि त्या दोघी बारा-तेरा वर्षांच्या आहेत, शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्यांना कुणीच काही विचारत नाही. माझ्या मते आपल्या शालेय खेळाचं सगळं दुखणं या एका चित्रात आहे. सत्य ज्यांच्याजवळ आहे त्यांना गप्प उभं करून आपण मोठे भांडतो. आणि समजा त्यांच्यापैकी एक उठून म्हणाली, ‘सर, लागला होता हात,’ तर तंबूत परतल्यावर तिच्या वाट्याला काय येईल? ‘तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?’ ती पुन्हा बोलणार नाही.

पंचाची बाजूही समजून घ्या. खो-खोत दोन पंच, एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, वेळाधिकारी, गुणलेखक अशी सगळी व्यवस्था नियमात आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या मैदानावर बहुतेक वेळा यातली अर्धी माणसं कुठल्या ना कुठल्या शाळेचे क्रीडाशिक्षक असतात. ज्याची शाळा पुढच्या फेरीत याच संघाशी खेळणार आहे, तो आज पंच. ज्याच्या विरुद्ध निर्णय द्यायचा, त्याच्याच संस्थेच्या मैदानावर स्पर्धा. हातात पडणारे पैसे असे, की गाडीचं पेट्रोल सुटलं तरी नशीब. हा माणूस प्रामाणिक असू शकतो, बहुतेक वेळा असतोही. पण त्याच्या प्रामाणिकपणावर कुणी विश्वास ठेवावा अशी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. त्यामुळे हरलेल्या प्रत्येक संघाच्या हातात एक तयार कारण असतं. आणि तयार कारण असलेला संघ कधीच हार पचवत नाही, पचवायची गरजच पडत नाही.

दाद मागायची सोय म्हणाल तर लेखी हरकत, तीही बहुधा फी भरून, आणि निकाल लागेपर्यंत पुढचा सामना सुरू झालेला असतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत याला सुटसुटीत उत्तर आहे. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक मॅटवर मऊ ठोकळा फेकतो, चित्रफीत पाहिली जाते, आणि आक्षेप खोटा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. दाद मागण्याचा हक्क आहे आणि उगाच दाद मागण्याला किंमतही आहे. ओरडण्याला मात्र काहीच मिळत नाही. आपल्याकडे उलट आहे. शांतपणे हरकत घेणाऱ्याला काही मिळत नाही आणि मैदानात घुसून आरडाओरडा करणाऱ्याला निदान फेरसामना तरी मिळून जातो. मुलं हे बघतात. ती हुशार आहेत.

वयचोरीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. मिशी फुटलेला मुलगा सतरा वर्षांखालच्या गटात उतरतो आणि आपण ‘अंगानं थोराड आहे’ म्हणून हसतो. क्रिकेट मंडळ डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतं. २०२० मध्ये मंडळानं एक सवलतही जाहीर केली होती. ज्यांनी जन्मतारीख बदलली आहे त्यांनी ठरलेल्या मुदतीत स्वतःहून सांगावं, बंदी येणार नाही, खऱ्या वयोगटात खेळावं. नंतर सापडले तर मात्र दोन वर्षं बाहेर. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण चौदा वर्षांच्या पोरानं जन्मतारीख स्वतः बदललेली नसते. खोट्या दाखल्याची शिक्षा फक्त त्या पोराला होते, आणि दाखला करून आणणारे काका पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला घेऊन हजर असतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मी तो सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याचदा ऐकलाय, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडेही ऐकलाय. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, पोरगी बरी पळते. तिला कॉलेज, पोलीस भरती, एखादी सरकारी नोकरी या दारांपर्यंत नेणारी एकच गोष्ट आहे, ते प्रमाणपत्र. त्या आईला तुम्ही खिलाडूवृत्तीच्या गोष्टी सांगणार? ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना हरणं परवडतं. वर लॅक्रॉसच्या सभ्य गृहस्थांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. नीतीचे धडे देणारे आणि ज्यांना ते दिले जातात ते, यांच्या घरात किती अंतर आहे हे बघायलाच हवं.

आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढतात तो मान्य नाही. ५ टक्के आरक्षण राहावं, गुणही राहावेत. मी तर म्हणतो गिरणी बंद पडलेल्या या गावात खेळानं चार घरं वर आणली असतील तर ते खेळाचं मोठंच काम आहे. पण बनावट वयाचा मुलगा जेव्हा जिल्ह्याच्या संघात शिरतो, तेव्हा तो कुणाची जागा घेतो? सात रस्ता भागातल्या डॉक्टरांच्या मुलाची नाही, त्याला प्रमाणपत्राची तेवढी गरजच नाही. तो जागा घेतो दुसऱ्या विडीवालीच्या पोराची. पंचाला दमदाटी करून जिंकलेला सामना कुणाकडून हिसकावला जातो? ज्या संघामागे दमदाटी करायला माणसं नाहीत त्यांच्याकडून, म्हणजे पुन्हा गरिबाकडूनच. प्रमाणपत्राला भाकरीची किंमत आली की लबाडी ही भाकरीची चोरी होते. म्हणून आमच्या गावात खिलाडूवृत्ती ही श्रीमंतांची चैन नाही, ती रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या पोराला मिळणारं संरक्षण आहे. गरज दाखवून तिच्यातून सूट मागणारे बहुधा त्या रांगेत नसतातच.

मग करायचं काय? शपथ, घोषवाक्य, मैदानावर लावलेला फलक यांनी काही होत नाही, तो खर्च वाचवा. मला एक गोष्ट फार कामाची वाटते आणि तिला पैसे लागत नाहीत. सरावात शिट्टी मुलांच्या हातात द्या, आणि कधी कधी शिट्टीच काढून घ्या.

अल्टिमेट नावाचा एक खेळ आहे, उडत्या तबकडीचा. भारतातही बरीच मुलंमुली तो खेळतात. त्याच्या विश्वस्पर्धेतसुद्धा निकाल देणारा पंच नसतो. फाऊल झाला तर खेळाडूनंच सांगायचं, समोरच्याला पटलं नाही तर दोघांनी तिथेच बोलून मिटवायचं, नाहीच मिटलं तर तबकडी आधीच्या जागी जाते आणि खेळ पुढे सुरू. सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांना वागणुकीचे गुण देतात. नियम माहीत होते का, अंगावर आले का, न्यायानं बोलले का, अशा पाच मुद्द्यांना शून्य ते चार. तिथली मुलं जन्मतः साधू आहेत म्हणून हे चालत नाही. लबाडी केली तर ती पंचाच्या डोळ्यात धूळ फेकून पचत नाही, समोरच्या मुलाच्या डोळ्यात बघून करावी लागते, म्हणून चालतं. पंच असला की नियम पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर जाते आणि खेळाडूचं काम फक्त न सापडण्याचं उरतं. पंच काढला की ती जबाबदारी परत येते.

खो-खोला हे तर फारच जमण्यासारखं आहे. खो मिळण्याआधी उठलो की नंतर, दिशा घेतल्यावर खांदा मागे फिरला की नाही, पाठीला बोटं लागली की नाही, हे सगळं ज्याचं त्याला कळतं. आठवड्यातून एक दिवस चौदा वर्षांखालच्या मुलांचा सराव सामना बिनपंचाचा ठेवा. पहिले काही दिवस गोंधळ होईल, रडारड होईल, एखादा दादागिरी करेल. क्रीडाशिक्षकानं फक्त बसून बघायचं, आणि हे बहुतेकांना सगळ्यात अवघड जाईल. हळूहळू मुलंच ठरवतात, अमक्याचं म्हणणं खरं मानायचं, तमक्यानं हात वर केला तरी दोनदा विचारायचं. मुलांमध्ये पत तयार होते. ही पत कुठल्याही प्रमाणपत्रावर छापून येत नाही, पण शाळा सोडल्यावर पंधरा वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांना त्यावरूनच ओळखतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलानं वर्षातून काही सामने पंच म्हणून उभं राहावं. आठवीच्या मुलांनी पाचवीच्या सामन्याला शिट्टी वाजवावी. चुकीच्या निर्णयानंतर समोरच्या वीस चेहऱ्यांचा राग अंगावर घेतलेल्या मुलाला पंच चुकतो म्हणजे काय ते एकदम कळतं. आपण चुकू शकतो, चुकलो तरी लबाड नसतो, हे त्याच्या अंगात मुरतं. मग पुढे निर्णय विरुद्ध गेला तर त्याला राग येईल, यावाही, पण पाय उचलणार नाही.

मोठ्यांसाठीही काही. पंच दुसऱ्या तालुक्यातून आणावेत आणि त्यांना बरा भत्ता द्यावा. जिल्हा पातळीवर मंडप, हार-तुरे आणि पाहुण्यांच्या जेवणावर जो खर्च होतो त्यातून हे सहज भागेल. पालकांना मैदानाच्या रेषेपासून लांब, दोरीबाहेर बसवावं आणि रेषा ओलांडली की त्यांच्या संघाचा गुण कापावा. गुण कापल्यावर त्या बापाला बाकीचे बापच आवरतील, पोलीस लागणार नाहीत. मैदानात घुसणाऱ्या शिक्षकाचं नाव मात्र लिहून ठेवावं आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे संघ देऊ नये. यावर शिक्षक मित्र रागावतील. रागावोत. पैलवानाला तीन वर्षं बंदी घालता येते, तर सरांना एक हंगाम घरी बसवता यायला हरकत नाही.

एक शंका मलाही आहे आणि ती लपवत नाही. सरावात खरं बोलणारी मुलगी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, प्रमाणपत्र पणाला लागलेलं असताना, ‘हात लागला’ म्हणेल का? बहुतेक वेळा नाही म्हणणार. सगळ्यांनी म्हणावं अशी अपेक्षाही नाही. पण दहातली एक म्हणाली आणि तिच्या तंबूत तिला कुणी बोल लावला नाही, तर त्या संघातल्या उरलेल्या मुलींना त्या दिवशी जे कळेल ते मला पुरेसं वाटतं. आज दहातली एकही म्हणत नाही, कारण म्हणून बघायची जागाच आपण ठेवलेली नाही.

शालेय स्पर्धांच्या आधी क्रीडाशिक्षकांची नियोजनाची बैठक होते. गट पडतात, तारखा ठरतात, मैदानं वाटली जातात. यंदा तिथे कुणीतरी एवढंच मांडावं: चौदा वर्षांखालच्या गटाची पहिली फेरी प्रयोग म्हणून बिनपंचाची, सरपंच फक्त मुलांचं मिटलं नाही तर बोलणार. विरोध कुठून येईल ते उघड आहे. ज्या शाळांचे संघ दरवर्षी जिंकतात ते म्हणतील, यानं वेळ फार जाईल, वेळापत्रक कोलमडेल. जाईल, एका सामन्याला पाच-दहा मिनिटं जास्त जातील. उद्घाटनाचे पाहुणे येईपर्यंत आपण याच मुलांना सोलापूरच्या उन्हात तास तासभर रांगेत उभं करतो, तेव्हा वेळापत्रकाची आठवण कुणालाच होत नाही.